काकी तशी खमकी

एखाद्या बाईचे कौतुक तर करायचे आहे, पण ती आपल्या घरात मात्र नको आहे, अशी अडचण झाली की मराठी माणूस तिला 'खमकी' म्हणतो.

स्थळे जुळवायला बसलेल्या मंडळींच्या तोंडी हा शब्द कधी येत नाही. मुलगी मनमिळाऊ लागते, सोज्वळ लागते, अलीकडे स्मार्टही चालते. 'खमकी वधू पाहिजे' अशी जाहिरात छापून आल्याचे ऐकिवात नाही. तीच मुलगी लग्न होऊन दहा-पंधरा वर्षे नांदते, नवऱ्याने जामीन राहून घातलेला घोळ निस्तरते, दिराने विकायला काढलेला जमिनीचा तुकडा थोपवते, आणि मग तिचेच सासरे पडवीत बसून पाहुण्याला ऐकवतात, "सून खमकी हा, म्हणान घर ऱ्हवलां." वेतन आयोगासारखा हा गुण पूर्वलक्ष्यी प्रभावाने मंजूर होतो. मधल्या काळात त्या बाईने काय सोसले याची थकबाकी मात्र कोणी देत नाही.

पुरुषांचे वेगळे. 'सरपंच खमको आसा' हे वाक्य तिथेच संपते. 'वयनी खमकी आसा' या वाक्यानंतर एक 'पण' असतो. तो कोणी बोलून दाखवत नाही, भुवईत ठेवतात.

मी सांगतो आहे ती काकी वालावलची. कुडाळहून नेरूरमार्गे खाली उतरले की कर्ली नदीच्या अंगाला हे गाव लागते. लक्ष्मीनारायणाचे देऊळ, त्याला लागून तळे, भोवती झाडी. बाहेरून येणारे तळ्यात उलटे पडलेले देऊळ कॅमेऱ्यात भरून नेतात, लग्न ठरलेली जोडपी त्या काठावर एकमेकांकडे बघत उभी राहतात आणि 'किती शांत आहे ना इथे' असे म्हणतात. काकीच्या खळ्यात ती कधी आलेली नसतात. काकीचे नाव सांगत नाही. छापून आले तर ती मानधनातला हिस्सा मागेल. शिवाय ती एक नव्हेच. वाडीवाडीत अशी एक असते, आणि दोन-तीन काक्यांचे माप एकीच्या पदरात घालण्याची चलाखी मी इथे केलेली आहे.

खमकी म्हणजे भांडखोर असा एक गैरसमज घाटावर आहे. तो दूर करायला मासळीवालीची पाटी खळ्यात उतरवून घ्यावी. बांगडे आहेत. कजाग बाई पाटी उतरायच्या आधीच भांडायला लागते, मासळीवालीच्या मागल्या तीन फेऱ्यांचा उद्धार करते आणि शेवटी रागाने काही न घेता आत जाते. चेंगट बाई भाव विचारते, निघून जाते, परत येऊन विचारते, आणि बांगडा नरम पडेपर्यंत थांबून तो स्वस्तात घेते. मग घरची माणसे दोन दिवस पोट धरून बसतात. बेरकी बाई मासळीवालीच्या मुलाची चौकशी करते, त्याच्या नोकरीसाठी देवाला नवस बोलते आणि बोलता बोलता दोन बांगडे जास्तीचे काढून घेते. काकी यातले काही करत नाही. ती बोटाने बांगड्याचे कल्ले उचलून बघते आणि एकच भाव सांगते. पटला तर पैसे रोख, मोजून, सुट्ट्यासकट. नाही पटला तर आत जाऊन गोलमो, म्हणजे सुकट, भाजायला घेते. तिच्याकडे उधारी नाही, घासाघीस नाही आणि 'उद्या देतंय' नाही. म्हणून मासळीवाली वाडीतली भवानी काकीकडेच करते. तिला नफा कमी मिळतो, पण सकाळ फुकट जात नाही.

बेरकी माणूस काम साधतो ते तुमच्या नकळत. खमका माणूस तुमच्या डोळ्यांदेखत साधतो, आणि नंतर पावती मागतो.

काकी अशी कशी झाली? जन्मतः नाही. गेल्या शतकातले बरेचसे तळकोकण मुंबईच्या गिरण्यांत उभे होते. पुरुष लालबाग-परळला गाळ्यात किंवा खाणावळीत, आणि बाई इथे सासू-सासरे, भातशेती, गुरे आणि मनीऑर्डर यांच्या मधोमध. महिन्याच्या महिन्याला पोस्टमन यायचा, तेच सरकार आणि तीच बँक. मग १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पोस्टमनच्या सायकलीची घंटी काकीच्या खळ्याकडे वळेनाशी झाली. कालांतराने काका परत आले. ते दुपारी पडवीत बसून सामंतांचे भाषण हातवाऱ्यांसकट करून दाखवायचे. ऐकायला वाडीतली पोरे जमायची. काकी दारातून म्हणायची, "भाषाण झालां काय वायच मळ्यातल्या पाण्याकडे बघा."

त्या वर्षांत तिने चुडतांचे हीर काढून वाडवणी, म्हणजे खराटे, बांधल्या, रतांब्याची सोलां सुकवली, बाजाराला नेली. बाजारात पहिल्यांदा बसलेली बाई कशी असते, तर समोरचा म्हणेल त्या भावाला मान हलवणारी. काकीनेही हलवली असणार. पण किती दिवस? घरी आल्यावर पैसे मोजणारी तीच आणि त्या पैशांत मीठ-मिरची बसवणारीही तीच होती. त्यामुळे मान हलवायची सवय तिला परवडली नाही. ज्याला खमकेपण म्हणतात तो बहुतेक वेळा स्वभाव नसतो, हिशेब करायला घरात दुसरे कोणी नव्हते एवढीच त्यामागची हकिकत असते.

काकीच्या खोलीत पत्र्याची एक ट्रंक आहे. तिच्यात दागिने आहेत असा मुंबईकरांचा वर्षानुवर्षांचा समज होता. एकदा कुलूप उघडे राहिले तेव्हा कळले की आत कागद आहेत. सातबारा, आठ अ, घरपट्टीच्या पावत्या सालवार दोऱ्याने बांधलेल्या, आणि प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत एकात एक गुंडाळलेला तो '३२ म'चा दाखला. १ एप्रिल १९५७च्या कृषकदिनी कुळे कायद्याने जमिनीची मालक झाली, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकते. पण त्या ओळीनंतर सुनावणी होती, किंमत ठरायची होती, हप्ते भरायचे होते आणि दाखला हातात पडायचा होता. सासऱ्यांनी ते सगळे केले. दाखला मात्र त्यांनी पोथीत ठेवला होता आणि पोथीला वाळवी लागली होती. काकीने लग्न होऊन आल्या वर्षी तो तिथून उचलला. "देव पोथी राखता, कागद राखना नाय," असे तिचे त्यावरचे भाष्य. धार्मिक माणसांनी ते मनावर घेऊ नये. एकादशी ती न चुकता करते.

आता चतुर्थी. खमकेपणाची परीक्षा बघायची तर ती या दिवसांत.

चाकरमानी गणपतीला येतात ते भावनेने भरून. काकी त्यांची वाट बघते ती वही घेऊन. फोनवर 'येतलों, येतलों' म्हणणाऱ्यांवर तिचा विश्वास नाही. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी सुटायचे, १ नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आले, आणि हा बदल मुंबईतल्या कित्येकांच्या आधी काकीला माहीत होता. कोकणकन्या की तुतारी, तिकीट पक्के की नाही, हे कळल्याशिवाय ती माणूस मोजत नाही. एका पुतण्याने सांगितले, "काकी, वेटिंग आहे, पण होईल कन्फर्म." काकी म्हणाली, "मगे तुझो भातव वेटिंगार."

मंडळी यायच्या आदल्या दिवशी ती विजेच्या मीटरसमोर उभी राहते आणि आकडा खडूने भिंतीवर लिहिते. मग ते येतात. सगळे पंखे सुरू होतात, माजघरातले दिवे दिवसाढवळ्या जळू लागतात, पंप चालू राहून टाकी भरून वाहते, आणि कोणीतरी मोबाइलचा चार्जर लावायला देवासमोरच्या समईजवळची जागा शोधतो. काकी एका शब्दाने कोणाला बोलत नाही. गौरी-गणपती पाण्यात गेले की संध्याकाळी ती पुन्हा मीटरसमोर उभी राहते आणि पहिल्या आकड्याखाली दुसरा लिहिते. "वजाबाकी तुमी करा. तुमी शिकलेले."

एकदा मुंबईच्या एका थोरल्या दिरांना हे लागले. ते बँकेतून निवृत्त झालेले, म्हणजे व्याज समजणारे गृहस्थ. "वैनी, आपल्याच घरात बिल?"

"आपलां म्हणान अर्धां," काकी म्हणाली. "लॉजवर ऱ्हवलास असतास तर पुरां."

गावाची ओढ, मातीचा वास, कौलांवरचा पाऊस यांच्याबद्दल चाकरमानी रात्री गजालींना बसले की फार सुंदर बोलतात. मीही बोलतो. काकी ऐकते. कौलांवरच्या पावसाचा विषय निघाला की ती उठून आतून फुटलेल्या कौलांची यादी आणते. "गावात काय मजा आहे!" असे कोणी म्हटले की ती म्हणते, "आसा ना. त्या मजेची घरपट्टी आसा."

विसर्जनानंतर गणपतीवरची माटवी उतरते. सुपारीचे घड, कवंडळे, फळे आणि टांगलेले नारळ. नारळ ताबडतोब वहीत जातात. निघायच्या दिवशी प्रत्येक कुटुंबाची पिशवी आधीच बांधून, नाव घालून पडवीत ठेवलेली असते: नारळ, सोलां, कुळथाचे पीठ, उकडे तांदूळ. कोणाच्या पिशवीत अर्धा नारळ कमी नाही आणि लाडक्याच्या पिशवीत एक जास्त नाही. माझ्या पाहण्यातल्या कोकणातल्या भाऊबंदकीची सुरुवात बहुतेक अशा जास्तीच्या नारळाने झालेली आहे, त्यामुळे हा हिशेब वाटतो तेवढा कोता नाही. पिशवीतल्यापेक्षा जास्त हवे असेल तर कुडाळच्या भावाने. एक सून बिचकत म्हणाली, "काकी, घरच्या माडाचे नारळ विकत घ्यायचे?"

"माड घरचो. माडार चढणारो घरचो नाय."

हे वाचून कोणीतरी फणसाचा दाखला देईल: वरून काटे, आत गोड गरे. देऊ नये. काकीच्या खळ्यातला फणस नगावर जातो. आणि आत काही वेगळी मऊ बाई लपलेली आहे ही समजूत मुंबईकरांनी आपल्या सोयीसाठी करून घेतलेली आहे. काकी आत-बाहेर एकच आहे. फरक इतकाच की तिचा काटा दोन्ही बाजूंना चालतो. माडावर चढणाऱ्याची मजुरी तो खाली उतरून पाय पुसायच्या आत त्याच्या हातात असते. लावणीच्या बायकांना तिने कधी 'शनिवारी ये' म्हटलेले नाही. वाडीतल्या भल्या माणसांकडे मजुरी मागायला मजुराला तीनदा जावे लागते. ती माणसे मात्र हसून बोलतात, चहा विचारतात, म्हणून भली.

काजूच्या दिवसांत बी घेणारा व्यापारी टेम्पो घेऊन फिरतो. १९९०च्या सुमारास रोजगार हमीतून फळबागांना शंभर टक्के अनुदान मिळू लागले आणि इथल्या वरकस डोंगरांवर काजूची कलमे चढली. काकीनेही लावली, वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राची, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७. व्यापाऱ्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा असतो. तो लाल आकडे दाखवतो आणि लाल आकड्यांपुढे शिकलेली माणसेही गप्प होतात. काकी आतून मिठाची एक किलोची बंद पिशवी आणते आणि काजू ओतायच्या आधी ती काट्यावर ठेवते. काही बोलत नाही. नुसती आकड्याकडे बघते, मग व्यापाऱ्याकडे. एका वर्षी आकडा नऊशेच्या आसपास थांबला होता. व्यापारी म्हणाला, "मीठ सुकलंय, काकी." काकी म्हणाली, "मीठ सुकता, मगे काजी भिजतत त्या खंयसून?" त्याने काटा उचलून टेम्पोत ठेवला आणि दुसरा काढला. दुसरा होता, हे महत्त्वाचे.

त्यानंतर वाडीतल्या चार-पाच घरांनी मिठाची पिशवी ठेवायला सुरुवात केली. पण ती काट्यावर ठेवायला त्या काकीला बोलावतात. आपण ठेवली तर व्यापाऱ्याला वाईट वाटेल ना!

माझ्या मते या शब्दाचा खरा उपयोग इथे आहे. गावात एक बाई खमकी असली की बाकीच्यांना भले राहता येते. उसनवार मागायला कोणी आले की भले गृहस्थ म्हणतात, "माझी कायच ना नाय, पण काकीक इचारूक व्हया." देणगीची पावतीपुस्तके घेऊन मंडळी आली की त्यांना काकीकडे धाडतात. लग्नात जेवणाच्या कंत्राटदाराने ताटे वाढवून सांगितली की वधूपिता घाम पुसत काकीला हाक मारतो. काकी उष्ट्या पत्रावळी मोजून येते. काम झाले की तेच लोक एकमेकांना म्हणतात, "बाई खमकी हा हां! आपल्याक नाय जमूचां." त्या 'नाय जमूचां'मध्ये केवढा तरी अभिमान असतो.

तिचे खमकेपण त्यांना महागही पडते. १६ मे २०२१ला तौक्ते वादळ किनाऱ्याने गेले तेव्हा इकडे माड, काजी, कलमे आडवी झाली, विजेचे खांब पडले. लोक दुसऱ्या दिवशी कोयते घेऊन वाट मोकळी करू लागले. काकीने आपल्या बागेत फांदीला हात लावू दिला नाही. पंचनामा होईपर्यंत झाड पडल्या जागी राहिले पाहिजे. पंचनाम्याची माणसे आली, काकी पुढे, ती मागे. एका आडव्या माडापाशी त्यांनी लिहायला पेन टेकवले तेवढ्यात काकी म्हणाली, "ह्यो लिवूक नको. ह्यो गेल्या पावसात पडलो."

पंचनामेवाल्यांनी आ वासला असे म्हणतात. पण त्यांना आता पडलेला माड आणि आधी पडलेला माड यांत फरक असतो हे कळले, आणि पुढच्या प्रत्येक बागेत ते बुंध्याचा छेद निरखून बघू लागले. वाडीतल्या कित्येक ज्येष्ठ माडांची भरपाई अशी हुकली. महिनाभर काकीशी कोणी धड बोलत नव्हते. त्या महिन्यात तिला उद्देशून वापरलेली विशेषणे इथे छापता येणार नाहीत. पण 'खमकी' त्यांत नव्हते एवढे नक्की.

९ ऑक्टोबर २०२१ला चिपीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि इकडे पांढऱ्या गाड्यांतून शर्टात गॉगल अडकवलेली माणसे उतरू लागली. एक काकीच्या खळ्यात आला. कर्लीकडे बघून हरखला. "काकी, काय रिव्हर व्ह्यू आहे हो!"

"व्ह्यू कसलो, खारां पाणी. पुनवेच्या भरतीक येवा, खंयपर्यंत चढता तां दाखयतंय."

त्याने आकडा सांगितला. काका असते तर खुर्चीवरून उठले असते. काकीने सातबारा आणून त्याच्या मांडीवर ठेवला. त्यावर नावे होती. वरून खालपर्यंत, मग मागच्या बाजूला. "ह्यो वारलो. ह्याचे झील अंधेरीक आसत, एकमेकांशी बोलनत नाय. ह्यो बोटीवर लागलो तो परत येवक नाय. ही बडोद्याक दिलेली. हिका सात चेडवां." मग १९९१पासून खाडीकाठाला बांधकामावर निर्बंध घालणारा सीआरझेड कसा लागू आहे, ओहोटीची रेघ कुठे आणि भरतीची कुठे, हे तिने त्याला फणसाच्या पानाने जमिनीवर काढून दाखवले. एजंटाने सरबत घेतले, घाम पुसला, आणि जमीन घ्यायला आलेला तो माणूस आगळाच्या दोन बाटल्या विकत घेऊन गेला.

मी विचारले, "काकी, एवढ्या सगळ्यांच्या सह्या खरेच मिळणार नाहीत?"

"मिळतली ना. सगळ्यांचे नंबर माझ्या वयीत आसत. एकच सही कमी पडता."

"कोणाची?"

"माझी."

माहेरचा किस्सा ती स्वतः सांगत नाही. तिच्या भावजयीने सांगितला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच वाटा, हे महाराष्ट्रात १९९४ला आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ला कायद्यात आले. त्यानंतर गावोगाव भाऊबिजेला एक नवी चाल पडली: ताटात साडी आणि साडीखाली हक्कसोडपत्र. बहिणी डोळे पुसत सही करतात, कारण माहेर तुटेल ही भीती. काकीचे भाऊ आले, ओवाळणी झाली. काकीने साडीचा पोत बघितला, बरी आहे म्हणाली, ठेवून घेतली. कागद चार घड्या करून भावाच्या खिशात परत घातला. "साडी ऱ्हवांदे. ह्यां घेवन जा." भाऊ दोन वर्षे आले नाहीत. तिसऱ्या वर्षी थोरल्याने कर्जासाठी धाकट्याला न विचारता जमीन गहाण टाकायचा घाट घातला, तेव्हा सही न केलेली एक बहीण सातबाऱ्यावर आहे म्हणून ते अडले. धाकटा भाऊ आता दरवर्षी येतो. काकी त्याच्याकडून एक पोते उकडे तांदूळ घेते, वाटा म्हणून, आणि पोते वजन करून घेते. मिठाच्या पिशवीसकट.

देवाशीही तिचा व्यवहार चोख आहे. देवळात गाऱ्हाणे घालणारा लांबण लावून साऱ्या घरादाराचे क्षेम मागतो आणि बाकीचे 'होय महाराजा' म्हणतात. काकीही म्हणते, पण ज्या मागण्या आपल्या कुवतीतल्या आहेत त्यांना ती गप्प राहते. पोराला नोकरी लागू दे, होय महाराजा. घरात भांडणे न होवोत, गप्प. "तां देवान कित्याक करूक व्हया?" असे तिचे म्हणणे. आणि जत्रेला दशावतार बघायला ती पहिल्या रांगेत चटई टाकून बसते. लिहिलेली संहिता नाही, नट उभ्या उभ्या बोलतात, आणि राजाने भर दरबारात राणीच्या एका आसवासाठी अर्धे राज्य देऊन टाकले की काकी शेजारणीच्या कानात म्हणते, "कागद केल्यानी काय तेचो?"

राहिली काकीच्या मांगरातली लाकडे. आंब्याची, चैत्रात तोडून, फोडून, उन्हाने खडखडीत झालेली आणि रचून वर ताडपत्री घातलेली. चुलीला ती त्यांतले ढलपेही घेऊ देत नाही. ती तिची स्वतःची आहेत. "मी पावसात मेलंय तर सुकी लाकडां खंय शोधतलास? डिझेल वतून जाळतलास माका." दरवर्षी दिवाळीनंतर मेली नाही असे बघून ती लाकडे विकते आणि चैत्रात नवी रचते. पहिल्यांदा ऐकून आम्हांला कसेतरी झाले होते. आता तिच्या मुंबईच्या सुनाच फोनवर आठवण करून देतात: काकी, लाकडे भरली का?

मागे एका आषाढात पलीकडच्या घरातले म्हातारे गेले. पाऊस कोसळत होता, वहाळ भरून वाहत होते. मुलगे रात्रीच्या गाडीने निघालेले. घरात ओली लाकडे, शेजारी ओली लाकडे, आणि पुरुषमंडळी पडवीत एकमेकांकडे बघत उभी. काकी छत्री घेऊन आली, कोणाला काही न विचारता मांगराची कडी काढली आणि म्हणाली, "न्हेवा." जाताना प्रत्येक खेपेला ती दाराशी उभी होती. लोकांना वाटले, दुःखाने.

तेराव्याचे जेवण झाले. मुलगे सुपारी कातरत बसले होते, बाबा कसे होते हे आठवत होते. काकीने वहीतला कागद फाडून थोरल्याच्या हातात दिला: इतक्या खेपा, आंब्याची, सुकी, फोडून, लाकूडतोड्याचा नंबर खाली लिहिला आहे, त्याला आगाऊ रक्कम आज देणे.

मी तिला बाजूला घेऊन म्हटले, "काकी, निदान आजचा दिवस तरी. उद्या सांगितलं असतंस."

"उद्या?" काकी म्हणाली. "चौदाव्याक ते तुतारीत बसतले."